पाण्याच्या कॅनखालचा सर्व्हर

आधीच सांगून ठेवते — या सदरातले तुमचे अनुभव मी वाचते ते चुका काढायला. कोणाच्या शेतातली पांढऱ्या साडीतली बाई, कोणाच्या दारावरची टकटक... वाचायचं, ऑफिसातल्या नितीनला पाठवायचं आणि दोघांनी मिळून खिदळायचं, असा आमचा उद्योग. आमचं घर धम्मदीक्षा घेतलेलं. गंडेदोरे, उतारे, अंगात येणं यातलं काही आमच्या उंबऱ्यापाशी आलं तर माझे बाबा त्याला चहासुद्धा विचारणार नाहीत. त्यात मी प्रोग्रॅमर. मशीन सांगितलं तेवढंच करतं आणि चूक झाली तर ती आपलीच असते, या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. म्हणून हे लिहिताना माझंच मला कसंतरी होतंय. पण वहिनी म्हणाली, "लिही ना वं. हसतीन तं हसू दे, मी जित्ती बसली आहो ना इथं!" तर घ्या...

मी पिपरी मेघेत राहते आणि वर्ध्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या कॉम्प्युटर विभागात काम करते. संस्थेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. आमचा विभाग म्हणजे मागच्या इमारतीतली एक लांबट खोली. दोन खिडक्या, एक कूलर, कोपऱ्यात पाण्याची कॅन. माणसं दोनच — मी आणि नितीन. सर्व्हर तो सांभाळतो, प्रोग्रॅम मी लिहिते, आणि भांडण दोघं मिळून करतो.

आमच्या आधीपासून तिथे उमाटे सर होते. खिशाला दोन पेनं, डोक्याला खोबरेल तेल, आणि बोलायला लागले की जेवणाची सुट्टी संपली तरी बोलणं संपायचं नाही. संस्थेची डिरेक्टरी त्यांनीच उभी केली. डिरेक्टरी म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगते, पुढे लागणार आहे. संस्थेत कोण काय करतो, कुठे बसतो, फोन नंबर काय, हे सगळं एका सर्व्हरवर झाडाच्या फांद्यांसारखं लावून ठेवलेलं असतं. माझा प्रोग्रॅम त्या सर्व्हरकडे जातो, आधी स्वतःची ओळख देतो, मग विचारतो, "बाबा, अमुक फांदीवर असा असा माणूस आहे का?" सर्व्हर उत्तर देतो, प्रोग्रॅम निरोप घेऊन परत येतो. बस्स, एवढंच. यात भूत कुठून शिरणार, तुम्हीच सांगा!

सरांनी त्यात प्रत्येकाचा रक्तगटसुद्धा भरला होता. मी नवीन होते तेव्हा विचारलंही होतं, "सर, लॉगिनच्या कामात रक्तगट काऊन?"

"लागते पोरी कधी," एवढंच म्हणाले.

सरांची एक खोड होती. कोणी चुकून आमच्या खोलीत डोकावून भलत्याच माणसाची चौकशी केली, तर आपण काय म्हणतो? "इथे नाही." आणि परत स्क्रीनमध्ये डोकं घालतो. सर उठायचे. दारापर्यंत जायचे आणि हात लांब करून सांगायचे की त्या पायऱ्या चढा, डावीकडे मेश्राम मॅडम बसतात, त्यांना ठाऊक असेल. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, आपण काय चौकशी खिडकी आहोत का?" तर म्हणाले, "माणसाले नुसतं नाही म्हणून नाई पाठवाव शीतल. आपल्याजवळ नसन तं कोणाजवळ असन, ते तरी सांगाव."

डिरेक्टरीतही त्यांनी हेच केलं होतं. त्याला रेफरल म्हणतात. सर्व्हर सापडेल ते देतो आणि सोबत दरवेळी म्हणतो, "बाकी माझ्याकडे नाही, पण त्या दुसऱ्या सर्व्हरला विचारून बघ." तो दुसरा सर्व्हर म्हणजे सरांचं स्वतःचं एक जुनं मशीन. त्यावर त्यांनी संस्था सोडून गेलेली माणसं जपून ठेवली होती — निवृत्त झालेली, नोकरी सोडलेली. नितीन चिडवायचा, "सर, गेलेल्या लोकायचं काय लोणचं घालता का?" सर म्हणायचे, "नोकरी सोडली मंजे मानूस मेला का रे?"

पुढे सर निवृत्त झाले आणि वर्षभरात झोपेतच गेले. त्यांच्या मागोमाग त्यांचं मशीनही बसलं. डिस्क उडाली, आतलं सगळं गेलं. नितीननं डिस्क काढून भंगारात दिली आणि रिकामा डबा कोपऱ्यात आडवा ठेवला. उंची बरोबर होती म्हणून त्यावर आम्ही पाण्याची कॅन ठेवायला लागलो. वायर नाही, डिस्क नाही, काही नाही. वर कॅन, खाली डबा.

माझं नवं काम तेव्हा सुरू झालं. जुना प्रोग्रॅम टाकून नवा लिहायचा होता. आणि त्रास हा की प्रत्येक शोधाला तो त्या मेलेल्या सर्व्हरकडे धावायचा, तिथे कोणी नाही म्हणून ताटकळत उभा राहायचा, आणि मग कुठे परत यायचा. मला तर त्या थांबण्याचा अंदाजच बसून गेला होता. शेवटी मी एक ओळ लिहिली — रेफरलच्या मागे जाऊच नको. झालं, शोध झटक्यात व्हायला लागला. मूळ सर्व्हरवरून ती रेफरलची नोंदच काढायचं काम नितीनचं होतं. तो रोज म्हणायचा, "उद्या काढतो."

आता तो दिवस. मे महिना. वर्ध्याचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं नाही पाहिलं त्यानं पाहू नये. दुपारचे डबे खाऊन झाले होते. दादाचा फोन आला. प्रज्ञा वहिनीला सकाळीच दवाखान्यात नेलं होतं, बाळंतपणाचे दिवस भरले होते, त्यामुळे मी 'मुलगा की मुलगी' म्हणतच फोन उचलला.

दादा रडत होता. माझा दादा रडतो हे मला त्या दिवशी कळलं.

"शीतल, पोरगी झाली... पोरगी चांगली आहे. पन प्रज्ञाचं रक्त थांबून नाई राह्यलं. ओ निगेटिव्ह पायजे. हाये ते लावलं, संपत आलं. नागपूरहून मागवलं, पन त्याले वेळ लागन मनते डॉक्टर. देणारा भेटला तं लवकर आन मनते."

वहिनी म्हणजे माझ्यासाठी नुसती वहिनी नाही. पुलगावच्या शाळेत पहिलीपासून आम्ही एका बाकावर. दादाशी तिचं जमवलं तेही मीच. आमच्या घरात कोणाचाच तो गट नाही, तिचे आईबाबा नाहीत. फोन ठेवला आणि डोक्यात सरांचा आवाज आला — लागते पोरी कधी.

प्रोग्रॅम उघडला. ओ निगेटिव्ह टाकलं. तीन नावं आली. एक सर सुट्टीत पुण्याला. एका मॅडमनी नुकतंच रक्त दिलेलं. तिसरे सर लगेच यायला निघाले, पण इन्सुलिन घेतात म्हणून दवाखान्यानं फोनवरच नको म्हटलं. नितीन त्याच्या ओळखीच्या ग्रुपांवर मेसेज टाकत होता. मी वेड्यासारखी तेच बटण परत दाबलं. वाटतं ना माणसाला, परत विचारलं तर उत्तर बदलेल...

आणि शोध अडकला.

ते अडकणं मी ओळखलं. तेच जुनं, ताटकळत उभं राहणं. मला रागच आला, म्हटलं हीच वेळ सापडली का तुला! तेवढ्यात पडद्यावर नावं आली. तीन. आणि खाली चौथं.

देवराव कुबडे. मुक्काम आंजीजवळ. मोबाईल नंबर. आणि शेरा लिहायच्या जागेत एक ओळ — "फोन दोनदा करावा."

मी विचार केला नाही. पेन घेतलं, नंबर तळहातावर लिहिला, लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या कोणाचा असता तर सोडून दिला असता. पण दोनदा करा म्हटलं होतं, म्हणून परत लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"हा, बोला. कोनाले पायजे रक्त?"

खरं सांगते, मी अजून तोंड उघडलं नव्हतं. कसंबसं दवाखान्याचं नाव सांगितलं.

"वांगे भरून राह्यलो होतो टेम्पोत. तसाच येतो. घाबरू नका बाई, आलोच."

आणि आला की हो माणूस! पन्नाशीचा, डोक्याला दुपट्टा, पायाला माती, टेम्पोत अर्धी भरलेली वांग्याची क्रेटं. मी गेटवरच उभी होते. नाव विचारलं, आत नेलं. तपासणी झाली, रक्त जुळलं, घेतलं. संध्याकाळपर्यंत नागपूरच्या पिशव्याही पोचल्या. डॉक्टर बाहेर येऊन दादाला म्हणाले, आता काळजी नाही. मी तिथेच उभ्याउभ्या रडले, आणि लाज वाटली नाही.

मग देवरावभाऊंना चहाला घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? आमच्या डिरेक्टरीत तुमचा नंबर होता म्हणून..."

"तुमच्याइथं?" त्यांनी बशी खाली ठेवली. "मी तं लय वर्षं झाले सोडून. वायरमन होतो तिथं. मंग वावर पाह्याले लागलो. आन् हा नंबर तं मी यंदाच्या संक्रांतीले घेतला. जुना मोबाईल विहिरीत पडला ना. संस्थेत कोनालेच नाई देला हा नंबर."

मी म्हटलं, "मग मी न बोलताच रक्ताचं कसं कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्यांदा वाजला ना!" ते हसले. "उमाटे सराचं न् माहं ठरलं होतं. मी वावरात असलो का फोन उचलत नाई. सर मने, देवराव, एकदा वाजला तं चालू राहू दे तुहं काम. लागोपाठ दोनदा वाजला तं समजजो, रक्त पायजे. किती जनाले देलं असं आमी. सर बरे आहेत ना?"

मी सांगितलं. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मले तं वाटलं, त्यायनंच नंबर देला तुमाले."

दुसऱ्या दिवशी मी आणि नितीननं सगळं उकरून काढलं. नितीन आधी हसत होता. "शीतलताई, टेन्शनमध्ये तुमी काय पाह्यलं, काय नाई!" मी त्याच्यासमोर तळहात धरला. शाई पुसट झाली होती, पण नंबर वाचता येत होता. मोबाईलवर दोन कॉल होते, एकामागे एक. मग त्यानं हसणं बंद केलं. सर्व्हरचा लॉग काढला, म्हणजे त्यानं कोणाला काय उत्तर दिलं त्याची वही. दोन्ही शोधांना सर्व्हरनं तीनच माणसं दिलेली, आणि सोबत नेहमीचा तो रेफरल. माझी ओळ जागेवर — मागे जाऊ नको. परत शोध घेतला, झटक्यात तीन नावं आली. तासभर तेच केलं. तीनच.

"कोणी तरी नोंद टाकून परत काढली असन," नितीन म्हणाला. तर तसं काही झाल्याचा मागमूस नाही. जुन्या नावांची साठवण मशीनमध्ये कुठे राहिली असेल म्हणावं, तर सर गेल्यानंतर घेतलेला नंबर जुन्या साठवणीत येईल कुठून? बोलता बोलता आम्हा दोघांची नजर कोपऱ्यात गेली. नितीननं जाऊन कॅन उचलली, डबा उघडून पाहिला. आत धूळ आणि एक मेलेलं झुरळ. त्यानं डबा बंद केला, फडक्यानं स्वच्छ पुसला, आणि कॅन दुसरीकडे ठेवायला निघाला. मी म्हटलं, "राहू दे. पाणी तं आहे. पाण्याले सरायची ना नसती." त्यानं कॅन हळूच परत तिथेच ठेवली.

त्या पोरीचं नाव आम्ही ओवी ठेवलं. आता घरभर धावते, आणि प्रत्येक गोष्टीला "काऊन?" विचारून डोकं उठवते. देवरावभाऊ आंजीहून भाजी घेऊन बाजाराला आले की वळसा घालून आमच्याकडे येतात. वांगी आम्ही विकत आणणं कधीच सोडलं. ती त्यांना वांगेआबा म्हणते, आणि वहिनी त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा टाकते, आता त्यांनाही साखर निघाली म्हणून. रक्त देणं बंद झालं याचं त्यांना फार वाईट वाटतं. पण गावातली दोन पोरं त्यांनी तयार केली आहेत. ती नावं मी स्वतः डिरेक्टरीत भरली, शेऱ्यासकट.

मध्ये बाहेरून एक तपासणीवाले आले होते. त्यांना तो रेफरल दिसला. "मॅडम, हा तर कुठेच जात नाही. काढून टाका." मी हो म्हटलं. नितीनकडे पाहिलं. नितीन म्हणाला, "उद्या काढतो."

तो अजून तिथेच आहे. आणि माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळही आहे, मागे जाऊ नको म्हणणारी. ती मी काढलेली नाही, कारण ती काढून परत शोधलं आणि चौथं नाव आलंच नाही तर... जाऊ द्या.

तर असं आहे बघा. माझ्याकडे याचं उत्तर नाही. नेटवर्कवाल्या मित्रांना विचारलं, पुस्तकं पाहिली, नाही सापडलं. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी भांडणार नाही. आणि तुमच्याकडेही नसेल तर नुसतं "नाही" लिहू नका. कोणाला विचारू, तेवढं तरी सांगा.