वळशाचे चाळीस मीटर

रस्त्यांची अंदाजपत्रकं करणं हे माझं पोटापाण्याचं काम. सायवनच्या बाजूला एका खाजगी वनात आत जायला रस्ता हवा होता आणि खर्च कमीत कमी बसवा, असं जमीनमालकांनी बजावलं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी पाड्यावरचा एक माणूस दिला. त्याचं नाव मी विचारलं नाही, मला घाई होती.

पन्नाशीचा, काटकुळा. टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून तो उकिडवा बसायचा आणि मी आकडा लिहीपर्यंत हलायचा नाही. एका सपाट जागी मात्र तो सरळ न जाता लांबून वळून गेला. मी वैतागलो.

"सरळ चल ना. काय आहे तिथे?"

"आंगण हाय, साहेब."

मला नुसतं गवत दिसत होतं. मग त्यात चुलीचे तीन काळे दगड दिसले.

"कुणाचं?"

"आमचा घर होता," एवढंच म्हणून तो पुन्हा टोक दाबून बसला.

वळसा घेतला तर चाळीस मीटर वाढत होते, म्हणजे तेवढा मुरूम, तेवढी खडी. मी मालकांना फोन लावून विचारलं, रस्ता थोडा वळवला तर चालेल का.

"तिथे कधीच कुणाचं घर नव्हतं," ते म्हणाले.

घराचं मी काही बोललोच नव्हतो.

नकाशात रस्ता मी सरळच काढला. खर्च बसला. त्या संध्याकाळी परत येताना मात्र मीही गवताच्या कडेकडेने, लांबूनच आलो होतो.