जुना कॅमेरा आणि सरपंचांची खुर्ची

कॅमेरा विकणारा म्हणाला, "एका डॉक्टरांनीच वापरलाय." बटणांच्या फटींत हळद अडकली होती. डॉक्टर बरीच लग्नं लावत असावेत. सहा मेगापिक्सेलचा डिजिटल एसएलआर, मागचा पडदा काडेपेटीएवढा, रबर सुटत आलेलं. पण जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स लावली की माणसाचा चेहरा असा उतरतो की नव्या मॉडेलची जाहिरात वाचायची इच्छा होत नाही. अट एकच, उजेड हवा. सिरसाळ्यात शिक्षक असलेला माझा मित्र भास्कर कधीचा बोलावत होता आणि बीड जिल्ह्यात उजेडाची टंचाई नाही. निघालो.

पुण्याहून सकाळची एसटी धरा. नगरमार्गे बीड, सहा तास. तिथून परळीची गाडी. वडवणी, तेलगाव, मग सिरसाळा. कॅमेरा मांडीवरच ठेवा. वरच्या फळीवर ठेवलात तर लेन्स आधी उतरते, तुम्ही नंतर. वडवणीच्या स्टँडबाहेर गरम भजी मिळतात; तेलकट बोटं पुसल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नका. सिरसाळ्यात लॉज शोधत बसू नका, ओळख काढा. भास्करकडे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि न मागता सल्ले मिळाले.

पहिल्या दिवशी बाजारात फिरलो. धडा असा, की जुन्या कॅमेऱ्याला भर दुपारचं ऊन सोसत नाही. पांढरी टोपी, पांढरं धोतर, सगळं जळून निघतं. किराणा दुकानदार आप्पांच्या कपाळावरचं भस्म इतकं पांढरं आलं की पडद्यावर बघून त्यांनी विचारलं, "आमचं कपाळ कुठं गेलं?" त्यांना दुकानाच्या सावलीत घेतलं, तेव्हा कपाळ परत आलं.

दुसऱ्या दिवशी भास्करच्या मोटारसायकलवरून जवळच्या एका गावात गेलो. तिथे समाजमंदिराचं उद्‌घाटन व्हायचं होतं आणि फ्लेक्ससाठी सरपंचांचा फोटो हवा होता. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं, म्हणून अंकुशरावांनी बायकोला, महानंदाताईंना, उभं केलं होतं. त्या निवडून आल्या आणि कारभार अंकुशराव पाहू लागले. ताईंच्या सह्या घरी, चुलीपाशी घेतल्या जात.

"फोटो बाईचा, पण डायरेक्टर त्यो हाय बे," भास्करने वाटेतच सांगून ठेवलं होतं.

आधी अंकुशराव. गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून तीस फोटो. मोबाइल बंद होता, तरी ते मधूनमधून "हां, हां" म्हणत होते. तेवढ्यात माझ्या म्हाताऱ्या बॅटरीची शेवटची रेघ उरली. (दोन बॅटऱ्या न्या. मी एकच नेली होती.)

बाहेर ऊन चढलं होतं, म्हणून ताईंना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात घेतलं. खोलीला खिडकी एकच. कपाटाशेजारी उभं करून एक फोटो काढला. अंधारात हा कॅमेरा फोटोभर दाणे टाकतो.

"हे काय, तोंडावर पीठ उडाल्यावानी," अंकुशराव म्हणाले.

मी म्हणालो, उजेड फक्त त्या खुर्चीवर येतोय. पाठीवर टर्किश टॉवेल टाकलेल्या त्या खुर्चीत अंकुशराव स्वतः बसले होते. ग्रामसेवक फायलीत डोकं घालून बसला. खुर्ची उचलून कपाटाशी ठेवा, असं अंकुशरावांनी सुचवलं.

कपाटाशेजारून ताई म्हणाल्या, "खुर्ची न्याल वो. खिडकी सरकती व्हय?"

अंकुशराव उठले. ताई बसल्या, पदर सारखा केला, दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी तीन फोटो काढले आणि बॅटरी संपली. झालं, ऊठ, असं अंकुशराव म्हणाले. ताई उठल्या नाहीत.

"भाऊसाहेब," त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "ते रजिस्टर द्या इकडं. मी कशाकशावर सह्या केल्यात, बगू द्या."

ग्रामसेवकाने अंकुशरावांकडे पाहिलं. ताईंनी हात पुढे केला तो तसाच धरून ठेवला. शेवटी रजिस्टर आलं. त्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत बसल्या आणि आम्ही निघालो तेव्हा तिसऱ्या पानावर होत्या.

बॅटरी चार्ज करून परळीला गेलो, तर फ्लेक्सवाल्याकडे माझं जुनं जाडजूड कार्ड वाचणारं यंत्र नव्हतं. केबल सोबत ठेवा, मी ठेवली होती. फ्लेक्सवर अंकुशराव दाराएवढे आले आणि ताई कोपऱ्यात तिकिटाएवढ्या.

पुण्यात येऊन तिन्ही फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. दोन थोडे हललेले. तिसऱ्यात ताई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. टेबलावरच्या फायलींकडे पाहत होत्या. हिशेब करायचाच तर ह्या सगळ्या फेरीतून हाच एक चेहरा पदरात पडला आणि तो पुरेसा आहे. त्याची मोठी प्रत करून पाठवली. महिन्याभराने फोन करून विचारलं, ऑफिसात लावला का?

"घरी ठिवलाय, भाऊ," ताई म्हणाल्या. "हितं कावून लावायचा? हितं मी सोताच बसती की."