मुठीतला दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मी गप्प बसले की लोक म्हणतात, लाजाळू आहे पोरगी — आणि मी ते तसंच राहू देते.

आमच्या पांढुर्ण्याहून जाम नदीच्या पलीकडे, सावरगावात, शीलामावशी राहते. सख्खी नव्हे. आई नोकरीवर असायची म्हणून शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची. तिचा मुलगा, राजूदादा, गोटमारीत गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुटतात, त्यातला एक त्याच्या कानशिलावर बसला. तो दगड मावशीनं घरी आणला. पिवळ्या रुमालात बांधून देवांशेजारी ठेवला.

नागपूरला मी एक सादरीकरण केलं. नाटक, नाच की चित्रांचं प्रदर्शन — काय म्हणायचं त्याला? रिकाम्या खोलीत जामच्या गोट्यांचे दोन ढीग, मधे मी. एकही शब्द नाही. या ढिगातला गोटा अगदी सावकाश त्या ढिगात न्यायचा. बघणाऱ्यानं जाताना एक गोटा घरी न्यायचा. राजूदादाचा दगड मात्र शेवटपर्यंत माझ्या मुठीत राहणार होता.

मावशीनं तो दिला. कशासाठी हवा, हेही धड विचारलं नाही. म्हणाली, "ने. पन हारपवू नको. तुह्या हातात तं पेन्सिलही टिकत नोती."

आता खरं सांगते.

शेवटी एक बाई ढिगाकडे वळलीच नाही. माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला. मोबाइल वर झाले. तेव्हा मला काय वाटलं? मावशी आठवली? आठवली — अगदी स्पष्ट आठवली. आणि तरीही वाटलं, आता मूठ उघडली तर किती सुंदर दिसेल.

मी मूठ उघडली.

बाई दगड घेऊन उठली, दाराकडे गेली. एक हाक पुरली असती. पण न बोलणं हा त्या सादरीकरणाचा भाग होता ना — मी बसून राहिले. मग टाळ्या. लोक रडले. कुणीतरी म्हणालं, शेवट अंगावर आला. बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

पांढुर्ण्याला परतल्यावर मी पुलाखाली उतरले. त्याच आकाराचा, तसाच काळपट गोटा शोधला. पिवळ्या रुमालात बांधून नेऊन दिला. मावशीनं गाठ सोडली, गोटा कपाळाला लावला. मग बराच वेळ गालाशी धरून बसली. मी समोर चहा पीत होते.

मावशी आता अंथरुणावरून उठत नाही. परवा तिनं माझं मनगट धरलं.

"मी गेली का राजूचा गोटा माह्या हातात ठेवजो. दुसऱ्या कोनाले नाही सांगून राहिली मी. तूच ठेवजो."

मी हो म्हटलं.