दोन डोंगरांचे वैरी

आमच्या थोरल्या साडूंइतका एका चित्राशी वैर धरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला निघेल. ते चित्र तुम्हीही काढलेलं आहे, नाही म्हणू नका. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, सूर्याच्या बुडातून निघालेली नदी, नदीकाठी झोपडी आणि झोपडीला टेकलेलं नारळाचं झाड. माझा मुलगा लहान असताना त्यानं हे चित्र काढून मोठ्या हौसेनं साडूंपुढे धरलं. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडाकडे नेला आणि फौजदारानं जबानी घ्यावी तशा आवाजात विचारलं, "नारळाचं झाड तू कुठी पाह्यलं बे? आपल्या यवतमाळात?" पोरगं म्हणालं, "नाही." "मंग हे डोंगर कोन्ते?" पोरगं नाक ओढू लागलं. "सारं लोकाचंच काढलं तुनं. यातलं तुह्यं काय आहे, ते सांग!" पोरानं भोकाड पसरलं. बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. साडूंना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि दोघांनी मिळून आमच्या मोरीतला निळा ड्रम काढला, त्याला गेलेल्या चिरेसकट. तो ड्रम आम्ही केव्हाच भंगारात दिला, पण चित्र अजून कपाटात आहे. खरं सांगतो, त्या काळातली आमच्या घराची तेवढी एकच खरीखुरी आठवण उरली आहे.

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. बायको आपण पाहून करतो, साडू मात्र न पाहता पदरात पडतो. माझ्या पदरात पडले ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. मुकुटबनच्या अलीकडच्या एका खेड्यात दोन खोल्यांची शाळा, आणि त्यात हे. गणित, भाषा, परिसर अभ्यास सगळं तेच शिकवत, पण कुठल्याही विषयाची वाट त्यांच्या हाती लागली की ती वळसा घेऊन चित्रकलेलाच जाऊन मिळायची. त्यांचा एकच कायदा होता: जे घरी, तेच कागदावर. पहिलीतल्या एका पोरानं कागदभर नुसत्या काळ्या रेघोट्या मारल्या आणि सांगितलं, "ही माही आजी घोरून राह्यली." साडूंनी ते चित्र सगळ्यांच्या वर, मधोमध लावलं. तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी बिचाऱ्यांनी विचारलं, "गुरुजी, हे काय आहे?" साडू ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "आजी हाय साहेब. जरा हळू बोला."

रंगसामान शाळेला कुठून मिळणार! साडूंनी ते जगाकडून वसूल केलं. लग्नात लोक नवरानवरी पाहतात, हे मंडप पाहायचे. माझ्या भाचीच्या लग्नात जेवायची वेळ झाली तरी ह्यांचा पत्ता नाही म्हणून शोधायला गेलो, तर मंडपाच्या मागे मंडपवाल्याच्या पोरांशी गप्पा मारत सोनेरी चमकी पोत्यात कोंबत होते. मुलाकडचा एक पाहुणा मला म्हणाला, "हे कोण गृहस्थ?" मी म्हणालो, "कोणास ठाऊक बुवा." एवढ्यात साडूंनीच लांबून हाक मारली, "साडूभाऊ, ह्या पोत्याचं तोंड धरा बरं!" माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, "आमच्या घरून भंगारवाला रिकाम्या हातानं जाते. एक दिवस तं तोच बिचारा ह्याइले बाटल्याइची झाकणं देऊन गेला." आमच्या घरी आले की चहा व्हायच्या आधी ते कचऱ्याचा डबा पाहून घेत. फुटक्या बांगड्या, साड्यांच्या खोक्यातले पुठ्ठे, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, सगळं त्यांच्या पिशवीत. ती पिशवी त्यांच्या स्कूटरला लटकायची. त्या स्कूटरवर बसलेले साडू मी फार कमी वेळा पाहिले. पुढचं चाक कायमचं बसलेलं, त्यामुळे बहुतेक वेळा ते आणि स्कूटर सोबत चालत यायचे. वणीपासून मुकुटबनपर्यंत पंक्चरवाल्यांच्या घरची सुखदुःखं त्यांना माहीत होती.

अशा माणसाच्या नोकरीचा शेवटचा महिना आला तो पोळ्याच्या तोंडावर. साडूंच्या मनात फार वर्षांपासून एक गोष्ट होती. शाळेच्या भिंतीवर साऱ्या गावचा पोळा काढायचा, आणि तो पोरांनीच काढायचा. प्रत्येकानं आपापल्या घरचं जनावर काढायचं. गावातल्या एकाही पोराचं घर सुटता कामा नये. "मी जाईन साडूभाऊ," ते मला म्हणाले, "पन हे पोरं त्या भितीवर राह्यले पायजेत." रंग द्यायला शाळा समितीचे अध्यक्ष तयार झाले. ते गावचे पाटील. सारं गाव त्यांना आबाजी म्हणायचं. त्यांची अट एकच, "मास्तर, मानाची जोडी म्होरं पायजे." साडू "हाओ हाओ" म्हणाले. रंगाच्या डब्यांकडे पाहत असताना ते कशालाही हो म्हणत.

आता मानाची जोडी म्हणजे काय ते सांगायला हवं. पोळ्याच्या दिवशी साऱ्या जोड्या सजून तोरणाखाली उभ्या राहतात. झडत्या, म्हणजे बैलांवरची गाणी, चढाओढीनं म्हटल्या जातात. मग सर्वांच्या पुढे उभी असलेली पाटलांची जोडी निघते, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. त्याआधी कुणाचाही बैल पाऊल टाकत नाही. आबाजींच्या पणजोबांपासून हा मान त्यांच्या घरी. पण दोन पोळ्यांपूर्वी आबाजींच्या मुलानं ट्रॅक्टर घेतला आणि बैल विकले. आबाजींनी काय करावं? पोळ्याच्या दिवशी पुतण्याची जोडी गुपचूप गोठ्यात आणून बांधायची आणि आपली म्हणून मिरवायची. साऱ्या गावाला हे माहीत होतं. बायाबापड्या त्या जोडीला आबाजींचीच म्हणून ओवाळायच्या आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही. म्हाताऱ्याचा जीव त्या मानात अडकलेला, तो कोण दुखवणार!

ठरल्याप्रमाणे साडूंनी शाळेच्या दाराच्या उजव्या बाजूची पहिली जागा दिली आबाजींच्या नातीला, चौथीतल्या स्वराला. आणि ह्या पोरीनं काढला ट्रॅक्टर. लालभडक. पाठीवर झूल, बेगडाची नक्षी, हेडलाइटना बाशिंगं! गुरुजींनीच शिकवलेलं ना, जे घरी तेच काढायचं. एकीनं वाट दाखवल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी बैल काढले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी घरात जे होतं त्याला झूल घातली. एकाच्या तीन बकऱ्या, एकीच्या आईची शिलाई मशीन. तांड्यावरच्या पोरानं गाईला आरशांची झूल चढवली, आणि आरसे खरे, फोडून चिकटवलेले. कोलामांच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची, एक मुलगी एरवी शाळेत तोंड उघडत नसे. तिनं बापानं विणलेली टोपली काढली आणि टोपलीत कोंबडी, कोंबडीला घुंगरू. जागा पुरेना, तेव्हा रांग मागच्या भिंतीवर गेली, वळसा घालून पलीकडून परत दाराशी आली. दाराच्या डाव्या अंगाला शेवटचा आला तो वणीच्या कोळशाचा ट्रक, ड्रायव्हरच्या मुलीनं काढलेला, काळाकुट्ट, समोर गोंडे लावलेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वणीहून उरलेले रंग घेऊन गेलो तर साडू व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसलेले. शेजारी चुन्याच्या गोण्या. आबाजींच्या कानावर ट्रॅक्टर गेला होता. त्यांनी गोण्या पाठवल्या होत्या आणि निरोप दिला होता, उद्या सकाळी पाहायला येतो, नाही पटलं तर दुपारच्या आत भिंत पांढरी.

"अहो, मग त्या पोरीला दोन बैल काढायला सांगा," मी म्हणालो. "रंग आहे, वेळ आहे, तुम्ही चार दिवसांनी जाणार. कशाला म्हाताऱ्याला चारचौघांत उघडं पाडता?"

साडूंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्या तेच ठरोलं होतं साडूभाऊ. बोलावलंबी तिले. पन पोरगी समोर उभी राह्यली अन् माह्या तोंडून शब्दच निंघेना. सारा जनम पोराइले विचारलं, यातलं तुह्यं काय. आता जाता जाता मीच तिले सांगू का, लोकाचं काढ म्हनून?"

ह्या माणसाशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही, आणि त्या दिवशी तर जिंकावं असंही वाटेना.

सकाळी आबाजी आले. पांढरं धोतर, कडक टोपी, हातात काठी, मागे निम्मं गाव. पण झालं काय, ते आले तांड्याकडच्या वाटेनं, म्हणजे दाराच्या डाव्या अंगानं, आणि पहिलाच दिसला कोळशाचा ट्रक. "हे घ्या! मानाची जोडी!" असं म्हणत त्यांनी काठी आपटली. उलट्या बाजूनं सुरुवात झाली हे सांगायचंही साडूंना सुचेना. आबाजी रागातच भिंतीच्या कडेनं निघाले. बकऱ्यांपाशी त्यांची चाल जरा मंदावली. शिलाई मशीनपाशी "हे कोनाची?" म्हणून त्यांनी विचारलं. पोडावरच्या कोंबडीपुढे तर ते काठीवर भार देऊन उभेच राहिले. मागे ती पोरगी होती. "घुंगरू कायले घातलं वं?" त्यांनी विचारलं. एरवी न बोलणारी ती पोरगी म्हणाली, "पोळा हाय न आबाजी." म्हातारा मिशीत हसला असं मला वाटलं, पण खात्री नाही.

असं करत करत सारी शाळा फिरून ते दाराच्या उजव्या अंगाला ट्रॅक्टरपुढे आले आणि थांबले. आबाजी वाकले. आम्ही सगळ्यांनी ट्रॅक्टरच पाहिला होता; जवळून कुणी पाहिलं नव्हतं. दोन हेडलाइटमध्ये दोन काळेभोर डोळे काढलेले होते, पापण्यांसकट. एकाखाली लिहिलं होतं हिऱ्या, दुसऱ्याखाली पाखऱ्या. प्रत्येकावर दोन दोन शिंगं, आणि हिऱ्याचं डावं शिंग मधूनच मोडलेलं.

"शिंग तुले आठोते?" आबाजींचा आवाज एकदम बारीक झाला.

"हाओ," स्वरा म्हणाली. "आबा, तुमी रोज त्याइचे नावं घेऊन ट्रॅक्टर पुसता. मंग ते त्याच्यातच असन न."

बाप्पा! मी आजूबाजूला पाहिलं तर सारं गाव पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतं. आबाजींनी त्या मोडक्या शिंगावरून हात फिरवला. पावसाळी हवेत रंग अजून वाळला नव्हता, बोट लाल झालं. ते त्यांनी धोतराला पुसलं, पांढऱ्याशुभ्र, पोळ्यासाठी काढलेल्या धोतराला. मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "तुही जोडी तुह्याच नावानं उभी कर गा यंदा. म्होरं कर." आणि निघता निघता साडूंना, "मास्तर, हा चुना उचला अठून. पोराइच्या पायाले लागन." त्या दिवशी पोळा फुटला तेव्हा आबाजी तोरणापाशी नातीचा हात धरून उभे होते, आणि झडत्या म्हणण्यात सर्वांत वरचा आवाज त्यांचाच होता.

साडू त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले आणि यवतमाळला आमच्याच कॉलनीत राहायला आले. बसून राहायची सवय नाही, मग काय, कॉलनीतली पोरं रविवारी त्यांना पाहून पाटीवरचे डोंगर पुसू लागली. पण माणूस आतून ओसाड झाला होता. चहा पिता पिता मध्येच म्हणायचे, "पावसानं गेली असन भीत." यंदाच्या पोळ्याला मी म्हणालो, चला, पाहूनच येऊ.

रंग गेलेच होते, पण भिंत पांढरी नव्हती. नव्या आलेल्या मॅडमनी पोरांकडून सारी रांग पुन्हा काढून घेतली होती. काही घरची जनावरं बदलली होती. ट्रॅक्टर तसाच होता, मोडक्या शिंगासकट. साडू एकेका चित्रापुढे थांबत, उलट्या बाजूनं, आबाजींसारखेच, ट्रकपासून निघाले. सगळं फिरून दाराशी आले आणि मला हात करून बोलावलं. दाराच्या वरच्या भिंतीवर, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या मधल्या जागेत, एक स्कूटर होती. सीटवर झूल, हँडलला पिशवी, आणि शेजारी चालणारा एक माणूस, चष्मा कपाळावर.

"हे कोनं काढलं?" साडूंनी विचारलं.

पहिलीतली एक चिमुरडी पुढे आली. "म्या."

"तू तं मले पाह्यलंबी नाई."

"माही ताई सांगते न. गुरुजी अन् गाडी सोबत चालत येत."

साडू खाली वाकले. पुढचं चाक पार चपटं काढलेलं होतं, जमिनीला टेकलेलं. "चाक बरोबर काढलं," ते म्हणाले. "एकदम बरोबर काढलं बाई."

परतताना वणीला चहाला थांबलो. साडूंनी बिस्किटाचा पुडा फोडला, बिस्किटं मला दिली आणि चमकीचा कागद मांडीवर ठेवून तळहातानं सारखा करत राहिले. "त्या भितीवर माह्यंबी काई होतं, साडूभाऊ," ते म्हणाले. मग त्यांनी त्या कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. आता तो नेणार कुठे, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी आणखी एक पुडा मागवला आणि त्याचाही कागद सोलून त्यांच्या हातात दिला.