रहीमभाईंचा गोळा

एका सकाळी रहीमभाईंनी माझ्या टेबलावर एक लाकडी गोळा ठेवला आणि म्हणाले, "ताई, हा समोर असेल तरच फाईल उघडायची. नसेल तर नुसता चहा प्यायचा."

नाशिकच्या आमच्या लहानशा कार्यालयात शाळेची पुस्तकं तयार होत आणि रहीमभाई तिथले संगणक सांभाळत. भूगोलाचं अख्खं पुस्तक सर्व्हरवरच्या एकाच फाईलमध्ये होतं. एकाने ती उघडली की इतरांसाठी तिला आपोआप कुलूप लागायला हवं, आणि तेच लागेनासं झालं होतं. दोघं एकदम काम करत आणि जो नंतर सेव्ह करी तो आधीच्याचं काम पुसून टाकी. माझा मोसमी वाऱ्यांचा धडा असाच दोनदा उडून गेला.

दोष सापडेपर्यंत रहीमभाईंनी वडिलांचा उपाय योजला. वडील मनमाडला रेल्वेत होते. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती गोळा दिल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत; एका वेळी गोळा एकच, म्हणून दोन गाड्या समोरासमोर येत नसत. आमचा गोळा जुन्या पलंगाच्या खांबावरचा होता, पण मान तोच. एकदा आमचे चित्रकार भामरे तो पिशवीत टाकून कळवणला सासुरवाडीला गेले. फोनवर निवांतपणे म्हणाले, "गोया मनाकडे शे, भाऊ."

"मग जेवूनच या," रहीमभाई म्हणाले. "तोवर लाईन बंद."

आम्ही दिवसभर शेंगा सोलत बसलो.

पुस्तक छपाईला जायच्या दिवशी गोळा माझ्याकडे होता. शेवटच्या दुरुस्त्या चालल्या असताना मालकांनी आपल्या खोलीत तीच फाईल उघडली. प्रस्तावनेखालचं स्वतःचं नाव त्यांना ठळक करायचं होतं. रहीमभाई आत गेले.

"साहेब, गोळा?"

"मी मालक आहे."

"रेल्वेत मोठ्या साहेबांच्या गाडीलाही लागतो."

मालकांचा हात सेव्ह करायला गेला, तशी रहीमभाईंनी टेबलाखाली वाकून त्यांच्या संगणकाची नेटवर्कची वायर उपटली.

"उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. आत्ता लाईनवर ताई आहेत."

माझं काम वाचलं. नोकरी गेलेले रहीमभाई मात्र संध्याकाळपर्यंत सर्व्हरपाशी बसले आणि दोष शोधूनच उठले. वीज जाऊन आली की सर्व्हर प्रत्येक संगणकाला विचारी, तुझ्याकडे काय उघडं होतं? सुरक्षेसाठी बसवलेली नवी फायरवॉल तो प्रश्नच अडवून धरी. उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर लाईन मोकळी समजे. "बिचाऱ्याशी कोणी बोलतच नव्हतं," म्हणत त्यांनी ती वाट उघडून दिली आणि डबा उचलून ते निघाले.

यंदा रहीमभाई वारल्याचं भामऱ्यांकडून कळलं. मी मनमाडला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने पाणी दिलं, मी कोण ते विचारलं आणि नाशिकच्या कार्यालयातली म्हणताच एकदम माझा हात धरला.

"लाईनवर तुम्हीच होत्या ना? गाडी कितीक जवळ आलती?"

फाईल, वायर, मालकांची ठळक अक्षरं, सगळं नीट समजावून सांगायला मी तोंड उघडलं. मग म्हणाले, "अगदी जवळ."