ठमाबाईची हमी

१९३४ सालच्या उन्हाळ्यात कोऱ्हाळे बुद्रुकच्या ठमाबाई पुण्याच्या तुरुंगात भावाला भेटायला गेल्या, आणि भावाने त्यांना ओळखलंच नाही. हिंदुराव गजापलीकडे उभा होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. ठमाबाईंनी हाक मारली तसा तो गजाला तोंड लावून कुजबुजला, "बाई, हितलं पानी पिऊ नगा. त्यात मानसं बोलत्यात."

"सोंग करतोय. काम चुकवायला," शिपाई म्हणाला.

आई गेल्यापासून ठमाबाईंनीच या भावाला वाढवलं होतं. नवरा वारल्यावर त्या माहेरी परतल्या, आणि दोघं मिळून कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या करून बारामतीच्या बाजारात नेऊ लागली. हिंदुराव कधी कुणाला उलटून बोलला नव्हता. मग त्याचं जेवण तुटलं. भिंतीला कान लावून बसायचा. ठमाबाईंनी अंगारे-धुपारे केले, देवऋषी आणला. आणि एका दुपारी त्याने शेजारच्या कुंडलिकची कडब्याची गंजी पेटवली. आग गोठ्यात शिरली, दावणीचा बैल जळाला. दोघांत बांधावरून कुरबूर होतीच, त्यामुळे हे वैरातून केलं असं कोर्टाने धरलं. हिंदुरावाने तोंडातून शब्द काढला नाही. शिक्षा झाली.

तुरुंगातून परतताना ठमाबाई घरी न जाता थेट बारामतीला आबासाहेब वकिलांकडे गेल्या.

"अर्ज करता येईल," आबासाहेब म्हणाले. "वेडामुळे सोडा, असा. डॉक्टर तपासतील, मामलेदार चौकशी करतील. पण ठमाबाई, नीट ऐका. वेडा ठरला म्हणजे सुटलाच असं नाही. वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. घरी पाठवायचा तर कुणीतरी हमी घ्यावी लागेल. उद्या त्याने पुन्हा आग लावली, तर तुम्हाला धरतील."

"मी घेती हमी."

"आणि कुंडलिकने हरकत घेतली तर सगळं तिथंच संपलं."

अर्ज गेला. त्यानंतर ठमाबाईंचं कशात लक्ष लागेना. पोस्टमन वेशीत दिसला की त्या हातातलं काम टाकून बघत राहायच्या. तो पुढे निघून गेला की वाईटही वाटायचं आणि हायसंही. हिंदुराव खरंच सुटून आला तर? आपण रानात असताना त्याने चुलीतलं कोलीत उचललं तर? हा विचार आला की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी त्या कुंडलिककडे गेल्या. तो मिरचीला पाणी देत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुंडलिकराव, त्यो आजारी हाय. मला वळखंना झालाय."

कुंडलिकने खोऱ्याने एक वाफा फोडला, दुसरा बांधला. मग म्हणाला, "माझा बैल दावणीला जळाला, ठमाबाई. वरडत हुता. त्याला सोडवाय कुणाला जाता आलं न्हाय."

ठमाबाई बांधावरून परत फिरल्या.

पावसाळा सरता सरता बारामतीच्या कचेरीत चौकशी निघाली. तुरुंगाच्या डॉक्टरांनी हिंदुराव आजारी असल्याचं लिहिलं होतं. पण गुन्हा करतानाही तो असाच होता का, याबद्दल मामलेदारांना शंका होती. ठमाबाईंनी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. बहीण भावाच्या बाजूनेच बोलणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग कुंडलिकला पुढे बोलावलं. ठमाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"तुझं काय म्हणणं?"

"सायेब, आग लावून मानूस पळतंय. ह्यो पळाला न्हाय. जाळात हात घालून उभा हुता, थंडीत शेकत्यात तसा. कातडं जळत हुतं तरी बोंब न्हाय. मीच वढून काढला त्याला."

मामलेदारांची लेखणी थांबली. "हे कोर्टात का नाही सांगितलंस?"

"राग हुता. आन कुणी इचारलं बी न्हाय."

"म्हणजे सोडायला हरकत नाही?"

कुंडलिकने ठमाबाईंकडे पाहिलं. "न्हाय. पर आमच्या गावात नगं. माझ्या घरात बारकी पोरं हाईत."

मामलेदार ठमाबाईंकडे वळले. घर, विहीर, हाताने बांधलेले वाफे ठमाबाईंच्या डोळ्यांपुढून गेले. "व्हय. दुसरीकडं नेती," त्या म्हणाल्या.

सरकारचा हुकूम यायला दिवाळी उलटून गेली. तोवर ठमाबाईंनी जमीन वाट्याने दिली आणि इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीला, जाऊ फुलाबाईच्या मोकळ्या खोपटात बिऱ्हाड नेलं. बारामतीच्या स्टेशनावर पोलिसांनी हिंदुरावाला त्यांच्या हवाली केलं. दोघं बैलगाडीने निघाली. निमगाव जवळ आल्यावर त्याने विचारलं, "अक्का, तू जेवलीस का?" ठमाबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

तो पुरता बरा कधीच झाला नाही. कधी दिवसभर मोट हाकायचा, कधी आठवडा आठवडा कोपऱ्यात बसायचा. ठमाबाई काड्यांची पेटी कनवटीला ठेवत, आणि रानात जाताना त्याला बरोबर नेत. लग्नकार्य, जत्रा त्यांनी सोडूनच दिली.

"भ्या वाटत न्हाय व्हय गं?" फुलाबाईने एकदा विचारलं.

"वाटतंय की. रोज वाटतंय," ठमाबाई म्हणाल्या. "पर तितं तुरुंगात असताना त्यो जेवला का न्हाय, ह्ये सुदिक मला कळत नव्हतं." आणि भाकरी थापायला त्या आत गेल्या.