गाडी तिघांची, माणूस एक

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मस्कतमधल्या बौशरच्या फ्लॅटमध्ये मी वाटीभर तांदळाचा कुकर लावला. त्यातला निम्मा भात उरला. फ्रिजमध्ये ठेवायला गेलो तर तिथे बुधवारचा निम्मा भात आधीच बसला होता. तेव्हा ठरवलं, उद्या बिदियाच्या वाळवंटात जायचं.

तशी ही सहल आमच्या घरात दर हिवाळ्याला व्हायची. मी, बायको मेधा आणि मुलगी सई. जूनमध्ये सईला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला, तिच्यासोबत मेधाही गेली आणि मी अल् खुवैरच्या ऑफिसात इमारतींच्या एसीची डिझाइनं काढत मागे राहिलो. डिसेंबरमध्ये दोघी येतील असं बोलणं झालं होतं. मी फोनवर दर वेळी म्हणायचो, "बघा, जमलं तर." मेधा म्हणायची, "बघू."

वाळूत जायचं तर गाडीबद्दल आधी सांगायला हवं. माझी फोर बाय फोर जुनी, सेकंडहँड. हमरियाच्या एका गल्लीत दाभोळच्या इक्बालभाईंचं गॅरेज आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच तिच्या मागे जाड स्प्रिंगा घातल्या होत्या, कारण आम्ही तिघं, तंबू, शेगडी, पाणी आणि मेधाचा पाच लिटरचा कुकर एवढं सगळं चढलं की गाडी मागून बसायची आणि स्टेअरिंग हलकं पडायचं. शॉक अब्सॉर्बरही असे घेतले की त्यांच्यावरचा नॉब एक ते नऊ आकड्यांवर फिरवून ते मऊ किंवा कडक करता येतात. आमचा आकडा सात.

त्याआधी पंधरा दिवस ऑइल बदलायला गेलो तेव्हा इक्बालभाईंनी मागचा बंपर हाताने दाबून बघितला. तो हललाच नाही. त्यांनी विचारलं, "साहेब, आता गाडीत मानसं किती बसतात?"

मी म्हटलं, सध्या एक.

"मग ह्या स्प्रिंगा काडू या. ह्या वजनाच्या हायत. मोकळी गाडी मागून उडनार, चाकं जमीन धरनार नाय, आनि स्टेअरिंग तुमचं ऐकनार नाय."

मी त्यांना सांगितलं की डिसेंबरमध्ये घरची मंडळी येणार आहेत, उगाच काढघाल कशाला. हात पुसता पुसता त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तर शुक्रवारी सकाळी मी इंजिनिअरला शोभेल असा तोडगा काढला. स्प्रिंगांना वजन हवंय ना, मग वजन देऊ. वीस लिटरचे पाण्याचे सहा कॅन विकत घेतले. पाच मागे लावले. सहावा पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर. मागे जागा होती आणि पुढच्या सीटवर कॅन ठेवायला तांत्रिक कारण काहीही नव्हतं. गाडी सुरू केली तशी सीट बेल्टची घंटी वाजायला लागली, कारण गाडीला वाटलं तिथे माणूस बसलंय. मी कॅनला बेल्ट लावला. घंटी थांबली.

मस्कतहून बिदिया साधारण अडीच-तीन तासांचं. बिदबिदपासून रुंदीकरण चालू असल्यामुळे रस्ता कधी गुळगुळीत, कधी धुळीत वळवलेला. वाटेतल्या इब्रा गावात थांबून करक चहा आणि अंडं घातलेला पराठा खाल्ला, अर्ध्या रियालच्या आत पोटभर. मेधा इथे नेहमी दोन चहा प्यायची, एक आल्याआल्या आणि एक निघताना. मी एकच घेतला. गाडी मात्र झकास चालत होती, थेट पूर्वीसारखी. वळणावर मागून तसाच दमदार आधार, हातात तसंच भरलेलं स्टेअरिंग. एकदोनदा मी आरशात मागची सीटही बघितली. मला वाटलं होतं, गाडी नीट चालली की बरं वाटेल. उलट फार वाईट वाटलं.

बिदियाच्या पुढे डांबर संपतं. इथे टायरची हवा कमी करायची; रुतायचं नसेल तर पंधरा-सोळा पीएसआयपर्यंत आणा. मी भीतीने बावीसवरच थांबलो, कारण एकटा असताना कमी हवेचा टायर रिममधून निसटला तर कोण मदतीला येणार? वाळूत कधीही एका गाडीने जाऊ नका, हे मी या ब्लॉगवर दोनदा लिहिलं आहे. त्या दिवशी माझं मीच वाचलं नव्हतं.

पहिल्या दोन टेकड्या चढलो. तिसरीच्या माथ्याजवळ गाडीचा जीव गेला आणि मागची चाकं ॲक्सलपर्यंत खाली गेली. अर्धा तास फावडं मारलं. शेवटी एक जुना पिकअप आला. त्यातून सालिम उतरले, साठीच्या आसपासचे, जवळच उंट राखणारे. तरुणपणी मुंबईला मालाच्या बोटीबरोबर जायचे म्हणून त्यांना हिंदी येत होतं. त्यांनी टायरला लाथ मारली, मागचं दार उघडलं, कॅन मोजले. मग पुढे येऊन बेल्ट लावलेला कॅन बघितला.

"फॅमिली किधर?"

"इंडिया में."

"अकेला आदमी," ते म्हणाले, "इतना पानी किसके लिए?"

मी त्या कॅनचा बेल्ट सोडला. 

त्यांनी टायर चौदावर आणले, दोघांनी मिळून सगळे कॅन त्यांच्या पिकअपमध्ये टाकले आणि हलकी झालेली गाडी मागे मागे घेत उतरवली. पाणी त्यांच्या गोठ्यातल्या हौदात ओतलं. वीस-पंचवीस मिनिटांत उंटांनी ते संपवलं. माझ्या बायकोचं आणि मुलीचं मी सकाळपासून जपून आणलेलं वजन.

जवळच्या पर्यटकांच्या कॅम्पवर झावळ्यांची झोपडी मिळाली, जेवण आणि नाश्ता धरून तीस रियाल. एकट्यालाही दोघांचाच दर. दोन उशा, दोन टॉवेल, दोन पाण्याच्या बाटल्या. सूर्यास्त सुंदर होता. फोटो खाली टाकले आहेत. सगळ्यांत वाळू आणि माझी सावली आहे.

शनिवारी परतताना इक्बालभाई किती बरोबर होते ते कळलं. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा असतात. मोकळी गाडी त्यांवर मागून अक्षरशः नाचायला लागली आणि एका वळणावर स्टेअरिंग डावीकडे असताना गाडी उजवीकडे सरकत कडेच्या दगडांपर्यंत गेली. थांबलो.  मग वाळूत आडवा होऊन चारही शॉकचे नॉब सातवरून दोनवर आणले. स्प्रिंगा तशाच कडक होत्या, त्यामुळे आखडलेपण पूर्ण गेलं नाही, पण मागची चाकं पुन्हा जमिनीला टेकून राहायला लागली. ताशी तीसने बिदिया गाठलं.

टायरवाला हवा भरत होता तेव्हा मेधाला फोन लावला. सईचं कॉलेजच्या मुलींबरोबर राजस्थानला जायचं ठरलं होतं, तेच ती सांगत होती. मी नेहमीप्रमाणे "बरं बरं" म्हणणार होतो. त्याऐवजी तोंडातून निघालं, "मेधा, मला इथे अजिबात करमत नाही."



"हे आज सांगतोयस?" ती म्हणाली. "सहा महिने मी वाट बघतेय. जमलं तर बघा, जमलं तर बघा. अरे, ये म्हणाला नाहीस तू एकदाही. मला वाटलं, तुझं छान चाललंय."

"ये," मी म्हटलं.

"सई नाही येणार. मी येते. पण दहाच दिवस हं, तिला एकटीला जास्त नाही ठेवता येणार."

सोमवारी ऑफिस सुटल्यावर हमरियाला गेलो. इक्बालभाईंनी तोच प्रश्न विचारला, मानसं किती. मी म्हटलं, डिसेंबरात दहा दिवस दोन, मग एक. त्यांनी जरा विचार केला. "मग स्प्रिंगा एकाच्या घालतो. दोगांचं नॉबवर भागवा, पाचावर ठेवा." तिघांच्या स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून द्यायला लागले, तर मी त्या गॅरेजमध्येच राहू द्या म्हटलं.

मेधा आली. आम्ही बिदियाला गेलो, या वेळी शेजाऱ्यांची गाडी सोबत घेऊन. इब्रात ती दोन चहा प्यायली. सालिम भेटले, त्यांनी तिला खजूर दिले आणि माझ्याकडे बघून, ओळख न दाखवता, सुमडीत हसले. गाडी पाचावर मस्त चालली. असा छोटा फरक स्टेअरिंगला किती कळतो हे बघायचं असेल तर दोन आकडे फिरवून एकाच वळणावरून दोनदा जा.

परवा तिला विमानतळावर सोडून आलो. बिल्डिंगखाली गाडी लावली, ऑफिसचे कपडे होते तरी सरळ फरशीवर आडवा झालो आणि प्रत्येक चाकाजवळचा नॉब मागे फिरवला. पाचावरून दोनवर. प्रत्येकी तीन टकटक, चार चाकांचे मिळून बारा. मग हात धुऊन वर गेलो आणि अर्धी वाटी तांदूळ लावला.